बसू, ते कलम मी खोडायला लावलं

बसू,

काल कंपनीचं पत्र आलं. पाकिटावर वर तुझं नाव, खाली माझं, दरवर्षी असतं तसंच. आत तोच छापील कागद: गेल्या वर्षभरात आम्ही कराराच्या विषयावर कोणतंही काम केलेलं नाही, कुणाला नमुना दिलेला नाही, कुणाला काही शिकवलेलं नाही. खाली सह्यांसाठी दोन रेघा. तुला जाऊन सतरा दिवस झाले. तुझ्या रेघेवर काय लिहू?

कागद टेबलावर तसाच पडलाय. मी डाइंगला, कापड रंगवायच्या माझ्या कारखान्यात जातो, वाफेचे व्हॉल्व्ह बघतो, कामगारांवर ओरडतो, घरी येतो. कुणी विचारलं तर मित्र गेला म्हणतो. बाकीचं सांगायला तूच हवा होतास, आणि तू नाहीस. म्हणून लिहितोय. लिहिता लिहिता तुझ्याशी भांडण होईल. होऊ दे. तसंही ते अर्धवटच राहिलंय.

तू होटगीहून पॅसेंजरनं कॉलेजला यायचास. तुझे वडील रेल्वेत, माझे मागावर. तुझ्या घरी कन्नड, माझ्या घरी तेलुगू, आणि आपली भांडणं मराठीत. माझी आई मला सीनू म्हणते हे तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा ऐकलंस आणि मग श्रीनिवास हे नाव तू कधी उच्चारलंच नाहीस. करारावर सही करतानासुद्धा माझं पूर्ण नाव वाचून म्हणालास, ‘हे कोण गा?’

नंतर तू परदेशात गेलास, कॉम्प्युटरच्या चिप छापायच्या यंत्रांवर काम केलंस, आणि आई अंथरुणाला खिळली म्हणून सगळं सोडून परत आलास. आलास तो थेट डाइंगमध्ये घुसलास. मे महिना, वर पत्रा, खाली उकळतं रंगाचं पाणी. तुझा शर्ट दोन मिनिटांत अंगाला चिकटला. माझी विचारपूस नाही, काही नाही.

‘सीनू, ते एक्स्पोर्टचे टेबलक्लॉथ तू करतोस नव्हं? चहा सांडला तर डाग पडत न्हाई ते?’

‘करतो की.’

‘कपड्यावर काय बसवतोस, ते मला सगळं सांग.’

मला वाटलं, हा आता टेबलक्लॉथचा धंदा काढणार. मग तू रंगाच्या पिंपावर बोटानं चित्र काढून मला समजावलंस. चिप म्हणजे शेवटी छापकामच. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून हजारो पटींनी बारीक रेघा छापायच्या. हल्ली त्या प्रकाशानं छापतात. सगळ्यांत बारीक रेघा छापणारं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, आणि ते कुणाला विकायचं, कुणाला नाही, हे त्या कंपनीइतकंच सरकारं ठरवतात. ‘आपल्याला ते कोण देणार? दिलं तर आपल्याला परवडणार हाय व्हय?’ म्हणून तू दुसऱ्या वाटेनं निघाला होतास. प्रकाश नाहीच वापरायचा. काचेसारख्या क्वार्ट्झचा साचा करायचा आणि नक्षी सरळ दाबून उठवायची. अडचण एकच होती. साचा उचलताना खालचा थर त्याला चिकटून येतो, रेघा तुटतात, साचा वाया जातो. साच्यावर असा एक लेप हवा की त्याला काही चिकटणारच नाही.

‘मोठे मोठे लोक बसलेत त्याच्यावर,’ तू म्हणालास. ‘पण त्यांच्यातल्या कुणी टेबलक्लॉथ केला न्हाई.’

त्या एका वाक्यावर मी चार वर्षं दिली, बसू. मला कधी कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या टॉवेलच्या कारखान्यामागे आपण ती शेड घेतली. आजूबाजूच्या मागांमुळे हवेत सुताचा तूस. तू काचेची खोली बांधलीस, फटींना पट्ट्या लावल्यास, आत जाताना तीनदा कपडे बदलायला लावायचास. एकदा माझ्या मिशीत तूस सापडला म्हणून मला बाहेर काढलंस. दुसऱ्या दिवशी मी मिशी काढून आलो तर तू मला ओळखलंच नाहीस आणि मग पोट धरून खाली बसलास. ते हसणं मला अजून ऐकू येतं. तेव्हा तुला हसताना धाप लागत नव्हती.

लेप तयार झाला की तू तो डब्यात घालून बंगळूरला न्यायचास. तिथल्या संशोधन संस्थेत साचा दाबायचं यंत्र होतं आणि ते चालवणारी कावेरी होती. विजापूरची मुलगी, तुझ्याशी कन्नडात बोलायची, माझ्याशी जपून जपून मराठीत. ज्या दिवशी तिचा फोन आला की एकच साचा पाचशे वेळा दाबला, पाचशे वेळा कोरडा उचलला, त्या दिवशी तू शेडच्या दारात उकिडवा बसून रडलास. मी तुला पाणी दिलं. आपण एकमेकांना काही बोललो नाही. आज वाटतं, तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘बसू, मला यात घेतलंस’ एवढं तरी.

पेटंट दोघांच्या नावावर आलं. आणि लगेच साचे यायचे बंद झाले.

ते साचे परदेशातून यायचे. तिथल्या सरकारनं नवा नियम काढला, असा माल बाहेर धाडायला आता परवाना लागेल. एक फॉर्म आला. माल शेवटी कोण वापरणार? कशासाठी? लष्कराशी संबंध आहे का? तू प्रत्येक रकान्यात प्रामाणिक उत्तर भरलंस. पुन्हा फॉर्म आला, पुन्हा भरलास. नकार कधी आलाच नाही. ‘विचाराधीन’ एवढंच यायचं. मी म्हणायचो, थांबू. तू म्हणायचास, ‘न्हाई म्हणले असते तर बरं झालं असतं. दुसरं कायतरी केलं असतं.’

त्याच सुमारास तुला जिना चढताना धाप लागायला लागली.

आणि मग ते गृहस्थ आले. मोठ्या परदेशी कंपनीचे प्रतिनिधी, बोलायला गोड. आपण त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला घातली. ते म्हणाले, पेटंट तुमच्याच नावावर राहू दे, पण लेप वापरायचे जगभरचे सगळे हक्क आम्हाला द्या, फक्त आम्हालाच. आमच्या कारखान्यात वापरू. साच्यांचा परवाना आम्ही मिळवू, तिथल्या सरकारात आमचं वजन आहे.

तू भाकरीचा तुकडा मोडत विचारलंस, ‘तुमची कंपनी प्रकाशवाली. आमचा साचा तुम्हाला कशाला?’

ते हसले. म्हणाले, ‘आम्ही दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो.’

ते गेल्यावर तू म्हणालास, ‘सीनू, ही वाट मोकळी ठेवणारी माणसं न्हाईत. दुसऱ्यानं वापरू नये म्हणून घेतेत.’ मग तू करारात एक कलम घालायचं ठरवलंस. दोन वर्षांत लेप कारखान्यात वापरला नाही, तर सगळे हक्क आपल्याकडे परत. कंपनीचे वकील त्याला तयार नव्हते. कलम काढा, नाहीतर राहू द्या, असं त्यांनी कळवलं. तू म्हणालास, राहू द्या.

आता जे लिहितोय ते तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

त्या आठवड्यात तुझे रिपोर्ट आणायला मी गेलो होतो. डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. फुप्फुसं आक्रसत चालली आहेत, म्हणाले. उलट फिरणार नाहीत. तीन वर्षं, फार तर चार. मी विचारलं, आम्ही लेपाचं काम करतो, त्याच्या वाफेनं झालं का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं आणि तिन्ही वेळा माझा विश्वास बसला नाही. तो लेप माझा होता, बसू. त्या खोलीत माझ्यापेक्षा जास्त वेळ तू बसायचास.

मी तुला फक्त औषधं सांगितली. मुदत सांगितली नाही. आणि मनाशी ठरवलं, हे काम याच्या डोळ्यांदेखत कुठल्यातरी खऱ्या कारखान्यात चाललंच पाहिजे. त्याला एकच वाट दिसत होती, ती कंपनी. म्हणून शेडमध्ये मी तुझ्याशी भांडलो. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून खोटं सांगितलं.

‘तुझ्या हट्टापायी माझी चार वर्षं मातीत जाणार,’ मी म्हणालो. ‘तुला वापर नकोय, तुला फक्त मालकी हवीय. मी आयुष्यभर दुसऱ्यांची कापडं रंगवली. माझं एकच काम जगात कुठंतरी पोचतंय, तर तू आडवा पडतोस.’

मला वाटलं, आता उलटून बोलशील. तू खिशातून पेन काढलंस, ते कलम आडवं खोडलंस, बाजूला सही केलीस आणि कागद माझ्याकडे सरकवलास.

‘घे. पोचव तुझं काम.’

त्यानंतरचं तुला माहीत आहे. वर्षभर गोड पत्रं, मग एक पत्र. कंपनीनं धोरण बदललंय, साच्याचा कार्यक्रम तूर्त बाजूला ठेवलाय, कराराच्या बाकी अटी कायम राहतील. म्हणजे ते वापरणार नाहीत, आणि आपण वापरायचं नाही. शेडला कुलूप लागलं. तू घरी बसलास, नाकात ऑक्सिजनची नळी. एकदाही म्हणाला नाहीस की मी सांगितलं होतं. म्हणायला हवं होतंस. मला शिव्या घालायला हव्या होत्यास. मी रोज त्याची वाट बघत तुझ्याकडे यायचो.

कावेरीचा फोन आला तेव्हाही मी तिथंच होतो. दुपारची वेळ, तू ओसरीत खुर्चीवर, फोन स्पीकरवर. तिची संस्था साचा दाबून चिप बनवायची पहिली लाइन उभारत होती. आपल्या देशाची, आपल्या माणसांची. साचेसुद्धा आता इथंच कुणीतरी कोरायला लागलं होतं. ‘सर, सगळं जुळलंय,’ ती म्हणाली. ‘फक्त तुमचा लेप नाही.’ तिनं कंपनीला रीतसर विचारलं होतं. उत्तरच आलं नव्हतं.

तू नाकातली नळी नीट केलीस. ऑक्सिजनच्या मशीनचा घरघराट चालू होता. मग म्हणालास, ‘कोडाक आगंगिल्लव्वा.’ देता येत नाही गं. आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलंस.

‘सीनू, न्हाई म्हणायला पण दम लागतोय बग.’

पुढच्या रविवारी तू मला जवळ बोलावलंस. महादेवीवहिनी आत होत्या. तू हळू आवाजात म्हणालास, ‘एक बाटली कर. लहान. पाठवून दे तिला. कुणाला कळतंय?’

मी म्हणालो, कळतं. तपासलं की दोन मिनिटांत कळतं. केस करतील. संस्थेवरही करतील.

‘माझ्यावर काय केस करणार? तवर मी असतो व्हय?’

आणि मी म्हणालो, ‘मी असेन ना.’

बसू, हे तीन शब्द मला परत घेता येत नाहीत. सतरा दिवस मी तेवढंच करतोय. भट्टीसमोर उभा राहून, बाजारात, जेवताना. मला म्हणायचं होतं की मागं राहणाऱ्यांना, वहिनींना त्रास होईल. पण तोंडातून आलं ते एवढंच, आणि ते खरंही होतं. मी भ्यालो होतो.

तू मान हलवलीस. ‘व्हय. तू असशील.’ आणि तोंड भिंतीकडे केलंस.

नंतर सात आठवडे तू माझ्याशी बोलला नाहीस. मी येत होतो. वहिनी चहा द्यायच्या. तू डोळे मिटून घ्यायचास, आणि मला माहीत होतं तू जागा आहेस. आठव्या आठवड्यात दुपारी वहिनींचा फोन आला. मी डाइंगमधून चपलांवरच निघालो. होटगीला पोचलो तेव्हा मशीन बंद करून ठेवलेलं होतं. त्याचा आवाज नसलेलं तुझं घर मी फार दिवसांनी ऐकलं.

आमच्यात माणसाला जाळतात. तुमच्यात बसवून निरोप देतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं, मांडी घालून तू खड्ड्यात बसलास. इतका नेहमीसारखा. मूठभर माती टाकायची माझी पाळी आली तर माझा हात उघडेना. तुझ्या भावानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

आमच्यात दिवस घालतात तशी तुमच्यात शिवगणाराधना असते, तिच्या दुसऱ्या दिवशी कावेरी आली. वहिनींजवळ बसली, कन्नडात बोलत होती, रडत होती. मी उठून जाणार होतो. पण ती म्हणाली, ‘सरांनी कंपनीला सगळं का देऊन टाकलं, ते मला कळलं नाही कधी. सर असे नव्हते.’ मला ते सहन झालं नाही.

‘त्यानं नाही दिलं,’ मी म्हणालो. ‘मी द्यायला लावलं. परत घ्यायचं कलम होतं, ते मी भांडून खोडायला लावलं.’ आणि मग डॉक्टरांचं, मुदतीचं, सगळं सांगून टाकलं. वहिनींकडे बघायची हिंमत नव्हती.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. ‘मला म्हाईत हाय, अण्णा,’ त्या म्हणाल्या. ‘सही करून आले त्याच दिवशी बोलले हुते. डाक्टरनं सीनूला कायतरी सांगितलंय, म्हणून तो घाई करतोय. माझ्यासाठीच करतोय. मला कळलंय हे त्याला कळू देऊ नको, म्हणले.’

म्हणजे तुला माहीत होतं. माझं खोटं भांडण ऐकत तू उभा होतास, तुला सगळं माहीत होतं, आणि तू माझ्या समाधानासाठी ते कलम खोडलंस. आणि मी तुझ्या समाधानासाठी खोडायला लावत होतो. बसू, अरे, आपल्यातल्या एकानं तरी तोंड उघडायचं होतं!

तेवढ्यावर संपलं नाही. कावेरी खालमानेनं बसली होती. म्हणाली, ‘सर, मलाही एक सांगायचंय.’ पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि इथं आपल्या देशात त्याचा वापरच झाला नाही, तर दुसरा कुणीही सरकारकडे त्याचा परवाना मागू शकतो. मालकांची इच्छा असो नसो. कायद्यात तशी सोय आहे. मी विचारलं, आपली तीन वर्षं कधी झाली? ती म्हणाली, आठ महिन्यांमागं.

आठ महिने! तू ओसरीत बसून मला बाटली मागत होतास, तेव्हा ती वाट उघडी होती. बाटली चोरून पाठवायची गरजच नव्हती. मी कुणा वकिलाला साधं विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही. मी फक्त भीत राहिलो.

‘मग तेव्हाच का नाही बोललात?’ मी तिच्यावर ओरडलोच.

‘सर, अर्ज तुमच्याविरुद्ध करावा लागतो,’ ती म्हणाली. ‘पेटंट तुमच्या दोघांच्या नावावर आहे. नोटीस बसवराज सरांच्या घरी आली असती. नाकात नळी असलेल्या माणसाला मी नोटीस कशी पाठवू?’

तिनंही तुझा विचारच केला होता. आम्ही सगळ्यांनी तुझा विचार केला.

मी तिला म्हणालो, करा. आमच्याविरुद्ध करा. वहिनींनी मान डोलावली. ‘माडव्वा, माडु,’ त्या तिला म्हणाल्या. कर.

परवा तिनं कागद पाठवलेत. अर्जदार तिची संस्था. विरुद्ध बाजूला पहिलं नाव तुझं, त्यापुढे ‘मयत’ लिहून वहिनींचं नाव वारस म्हणून. दुसरं नाव माझं. नोटीस येईल तेव्हा वहिनी आणि मी उत्तर देणार नाही, असं आमचं ठरलंय. लेप इथं कधीच वापरला गेला नाही, हे मात्र मी शपथेवर लिहून देणार आहे. करार म्हणतो, तेही बाहेर बोलायचं नाही. केस करतील. करू देत. मी आहे.

पण तुला खोटी आशा दाखवत नाही. कंपनीचे वकील गप्प बसणार नाहीत. ते आपल्या वतीनं भांडतील, आपल्या हक्कांचं रक्षण करतील. तारखा पडतील, वर्षं जातील. तोवर प्रकाशवाले कुठल्या कुठं गेलेले असतील, आणि कावेरीची लाइन दुसरा एखादा, कमी प्रतीचा लेप लावून रेघा तोडत बसेल. तू मला माफ केलंस की भिंतीकडे तोंड करूनच गेलास, हे मला कळणार नाही ते नाहीच.

बसू, आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघं एका बाजूला उभे आहोत, आणि मी देवाला एवढंच मागतोय, की आपण हरलो पाहिजे.

तुझा,
सीनू